शेळी ट्रॅक्टरचं औत

हिवरवाडीच्या बंकट शेंडगेला माणसांची शिसारी नेमकी कधीपासून यायला लागली, हे विचारायचं असेल तर त्याला विचारू नका, त्याच्या बायकोला विचारा. कडूबाई हातातलं काम न थांबवता सांगेल, सोसायटीच्या रोटाव्हेटरला हार घातला त्या दिवसापासून. त्याआधी हा माणूस बरा होता. चहात माशी पडली तर माशी काढून चहा पिणारा. त्या दिवसानंतर त्याला सोसायटीच्या ओट्यावरचा चहाच नको झाला, बिनमाशीचासुद्धा.

बंकट मेंढपाळाच्या घरातला. बहात्तरच्या दुष्काळात बापाची मेंढरं गेली आणि बाप खडी फोडायला लागला. मेंढरं गेली तरी घरात लोकर कातायची चाती राहिली, आणि दोरीला गाठी मारून मापं घ्यायची सवय राहिली. शेंडग्यांच्या घरात टेप कधी आलीच नाही. घोंगडीची रुंदी, बाजेची लांबी, दाराची चौकट, सगळं काळ्या लोकरीच्या दोरीवर. बंकटच्या कनवटीला ती दोरी कायम असायची. गवंडी, सुतार टेप काढायला लागले की हा गालात हसायचा. टेपीचं टोक वाकतं, आकडे पुसतात, माणूस सहाचा नऊ वाचतो; गाठ म्हणजे गाठ, असं त्याचं म्हणणं.

एक्याण्णव साली गावच्या विविध कार्यकारी सोसायटीनं एक छोटा ट्रॅक्टर घेतला. अठरा घोड्यांचा, जपानी बनावटीचा, दोन मोसंब्यांच्या मधून अलगद जाणारा. गावात बहुतेकांची जमीन दोन-तीन एकर, बांधाच्या वाटा अरुंद, त्यामुळं मोठं धूड काय कामाचं, असा विचार तेव्हाच्या चेअरमननी केला होता. चेअरमन शहाणे होते आणि वारलेही लवकर. ट्रॅक्टरबरोबर त्याच्या मापाची अवजारं आली: एक नांगर, पाच फणांचा मोगडा आणि पाच नळ्यांचं पेरणी यंत्र. गावानं त्या ट्रॅक्टरचं नाव शेळी ठेवलं. असल्या खेळण्यावर बसून गावातून जायला कुणी तयार होईना, म्हणून सोसायटीच्या गोदामावर राखण करणाऱ्या बंकटला ड्रायव्हर केलं. त्याला कसली लाज? त्यानं आयुष्याची सुरुवातच शेळ्यामेंढ्यांमागं चालून केलेली. वीस-बावीस वर्षं त्यानं ती शेळी चालवली आणि तिच्या अंगावरचा एक बोल्टसुद्धा दुसऱ्या कुणाला आवळू दिला नाही.

मग आला बारा-तेराचा दुष्काळ. दिवाळीलाच विहिरी तळ दाखवायला लागल्या. जनावरांसाठी छावणी निघाली, तीही सोसायटीच्याच नावानं. चेअरमन आता सुंदरराव. त्यांच्या छावणीत कागदावर जितकी जनावरं होती तितकी जर खरोखर उभी राहिली असती तर शेपट्या बांधापलीकडं गेल्या असत्या. दावणीत मात्र उसाचं वाढं, तेही बुरा चढलेलं, हात लावला की बोटं बुळबुळीत होणारं. बंकट एकदा ते वास घेऊन ओकला होता. बैल ते खात होते, कारण बैलांना ओकता येत नाही.

त्या छावणीत वच्छलाबाईचे दोन बैल होते. वच्छलाबाई पासष्टीची, विधवा, मुलगा पुण्याला कंपनीत, जमीन अडीच एकर, आणि अडीच एकर कुणाला बटईनं न देण्याचा हट्ट एकरी दहा माणसांना पुरेल एवढा. ती बैलांपाशी छावणीतच राहायची. दोन्ही बैलांच्या बरगड्या मोजता यायला लागल्या तेव्हा बंकटला राहवेना.

"काकू, हे बैल आता पेरनीला जुपायच्या लायकीचे ऱ्हात न्हाईत," तो म्हणाला. "मरायच्या आत इका. ज्याच्याकडं पानी हाय त्याच्या दारात तरी जगतील."

"आन पेरनी कशानं करू? तुज्या डोक्यानं?"

"शेळीनं. पयल्या वाफशाला पयलं तुमचं रान. बंकट शेंडगेचा शब्द हाय."

वाफसा म्हणजे पेरणीजोगी ओल. पाऊस पडून चिखल जरा आवळला की दोन दिवस, फार तर तीन दिवस जमीन पेरू देते. मग ती पुन्हा दगड होते. त्या दोन-तीन दिवसांत ज्याच्याकडं औत आहे त्याचं वर्ष निघतं, बाकीच्यांनी आभाळाकडं बघत बसायचं. हे वच्छलाबाईला बंकटनं सांगायची गरज नव्हती. तिनं चार दिवस त्याचं तोंड पाहिलं नाही आणि पाचव्या दिवशी बैल विकले. त्याच शब्दावर आणखी सात-आठ घरांनी बैल विकले. बंकटला तेव्हा वाटलं, आपण एक चांगलं काम केलं.

मार्च महिन्यात सोसायटीत अवजारं आली. कसलीशी योजना होती, अवजारांची बँक म्हणे. माती भुसभुशीत करणारा सहा फुटी रोटाव्हेटर, नऊ नळ्यांचं पेरणी यंत्र, सगळं पंचेचाळीस-पन्नास घोड्यांच्या ट्रॅक्टरचं. सोसायटीकडं ट्रॅक्टर एकच, तो अठरा घोड्यांचा. यादी भरताना हे कुणाच्या डोक्यात आलं नसेल असं मानायला बंकट तयार नव्हता, कारण पन्नास घोड्यांचा ट्रॅक्टर गावात एकाच दारात उभा होता आणि ते दार सुंदररावांचं होतं. नारळ फुटला, रोटाव्हेटरला झेंडूचा हार घातला, फोटोसाठी बंकटला शेळीवर बसवलं. "जोड बे," सुंदरराव म्हणाले. मोठ्या अवजाराच्या पिना शेळीच्या मागच्या दोन दांड्यांत जात नव्हत्या, तर कुणीतरी तार गुंडाळून जोडलं. बंकटनं अवजार उचलायची लिफ्ट ओढली. रोटाव्हेटर जागचा हलला नाही, शेळीचीच पुढची दोन्ही चाकं वर गेली. चाकं हवेत, बंकट आभाळाकडं तोंड करून, आणि खाली सगळं गाव हसतंय. तो फोटो सोसायटीच्या भिंतीवर बरेच दिवस होता.

हसण्याचं त्याला काही वाटलं नाही. खाली उतरल्यावर तो गोदामात गेला, शेळीचं आपलं जुनं पेरणी यंत्र नीट आहे ना बघायला, तर कोपरा रिकामा. नव्या अवजारांना जागा करायची म्हणून नांगर, मोगडा, पेरणी यंत्र, सगळं आदल्या आठवड्यात भंगारवाल्याच्या टेम्पोत गेलं होतं. ठराव झाला होता, सह्या झाल्या होत्या. ज्यांनी सह्या केल्या त्यात बैल विकलेले तिघे होते. कशावर सही करतोय हे त्यांनी विचारलंही नव्हतं. सही केल्यावर भजी होती.

"त्यात काय एवढं?" सुंदरराव म्हणाले. "माजा ट्रॅक्टर हाय की. नऊ नळ्याचं जोडू आन समद्यांचं पेरून देऊ. लायनीत."

ती लाईन बंकटला पाठ होती. आधी सुंदररावांचं चाळीस एकर, मग पाव्हण्यांचं, मग मतं देणाऱ्यांचं. वच्छलाबाईच्या रानाला जायची वाट तर एवढी अरुंद की मोठा ट्रॅक्टर बांध फोडल्याशिवाय आत शिरला नसता. तिचा नंबर यायच्या आत वाफसा उडून गेलेला असणार. बंकट तिथंच खाली थुंकला. देवळात थुंकल्यासारखं लोकांनी त्याच्याकडं पाहिलं.

त्या दिवसापासून त्याचा एकच उद्योग, शेळीच्या मापाचं पेरणी यंत्र शोधायचं. दोन दांड्यांमधलं अंतर त्यानं दोरीवर गाठ मारून घेतलं, वरच्या दांडीची उंची दुसऱ्या गाठीत. पिनेच्या भोकासाठी बाभळीची खुंटी तासली, भोकात घट्ट बसेल एवढी. दोरी कनवटीला आणि खुंटी खिशात घेऊन तो हिंडायला लागला.

गेवराईतल्या पहिल्या दुकानदारानं मान वर न करता मॉडेल विचारलं. बंकटनं सांगितलं. "ह्ये अजून चालतंय?" दुकानदार म्हणाला आणि त्यानं नव्या ट्रॅक्टरचं रंगीत पुस्तक पुढं सरकवलं. दुसऱ्यानंही पुस्तकच सरकवलं, वर थंडगार पाणी पाजलं. बीडला एका दुकानात टायवाल्या पोरानं त्याला अर्धा तास बसवून ठेवलं आणि फोनवर कुणाला तरी सांगितलं, की एक म्युझियमवाले बाबा आलेत. नारायणगडाच्या यात्रेत शेतीच्या सामानाची पालं लागतात म्हणून तिकडंही गेला. तिथं एकानं हिरव्या रंगानं चोपडलेलं यंत्र दाखवलं. "कोंच्याबी ट्रॅक्टरला बसतंय, मामा. डोळे झाकून न्या."

बंकटनं डोळे उघडे ठेवून पिना बसवायच्या भोकात खुंटी घातली. खुंटी आत डुगडुगली. रंगावर नख मारलं तर खाली गंज, आणि गंजाच्या खड्ड्यांत पुट्टी भरलेली.

"ह्याला भोकं नीट पाडायला काय झालतं तुला?"

"मामा, तार गुंडाळायची की मग."

पुन्हा तारच. गाडीभर लोखंड विकतात आणि वर तार गुंडाळायला सांगतात, या विचारानं बंकटचं डोकं भणाणलं. घरी येऊन तो कडूबाईला म्हणाला, की या जिल्ह्यात आता एक माणूस असा राहिला नाही जो एक वस्तू मापात बनवतो. सगळे अंदाजपंचे, सगळे हातचलाखीवाले. त्याला अन्न गोड लागेना. जेवताना मधेच तो कुणाचं तरी नाव घेऊन तोंड वाकडं करायचा, आणि कडूबाईला वाटायचं भाजीतच काही पडलं.

शेवटी मे महिन्यात मांजरसुंब्याला, घाटाखालच्या एका धाब्यामागच्या भंगारात त्याला पाच नळ्यांची बियाण्याची पेटी सापडली. नाशिककडच्या द्राक्षबागेतून आलेली असावी. पेटी धड होती, दाणे सोडणारी चक्रं फिरत होती, पण खालचा सांगाडा दुसऱ्याच कुठल्या तरी ट्रॅक्टरचा, पिना अंगठ्यापेक्षा जाड. पेटी त्यानं काय द्यायचं ते देऊन घेतली आणि गेवराईला सिदू वेल्डरकडं नेली. सिदू हा त्या सगळ्या हिंडण्यात भेटलेला पहिला माणूस, ज्यानं पेटीला हात लावण्याआधी हात पुसले.

"नवा सांगाडा करून देतो," सिदू म्हणाला. "पर ट्रॅक्टरच घिऊन या. मागं लावूनच बनवतो, म्हंजी झंझट न्हाई."

"ट्रॅक्टर कावून आनायचा?" बंकट म्हणाला. हिवरवाडीपासून गेवराई अठरा किलोमीटर, शेळीला एका सकाळचं काम. पण त्याच्या कनवटीला दोरी होती. "माप हाय माज्यापाशी. ही गाठ ते ही गाठ. आन पिना ह्या खुंटीएवढ्या. एका केसाचा फरक न्हाई."

"दोरीचं माप?"

"तुमच्या टेपीवर दुनिया बुडाली. माजी दोरी खोटं बोलत न्हाई."

सिदूनं हुज्जत घातली नाही. दोरी त्यानं दुकानातल्या खिळ्याला टांगली. पंख्याच्या वाऱ्यानं ती उडायला लागली, तर खाली एक जाड नट बांधला. बंकटनं हे डोळ्यांनी पाहिलं आणि त्याला बरंच वाटलं, की चला, माणूस मापाची कदर करतो. बाराव्या दिवशी या, असं ठरलं.

रोहिण्या कोरड्या गेल्या. मृगाच्या चौथ्या दिवशी पाऊस पडला, तास-दीड तास, जमिनीत हातभर ओल जाईल इतका. दुसऱ्या दिवशी बंकट टेम्पो घेऊन गेवराईला गेला आणि यंत्र घेऊन आला. सुरेख काम केलं होतं सिदूनं. सांधे साफ, रंग एकसारखा, पिना गुळगुळीत. तिसऱ्या दिवशी उजाडताना वच्छलाबाईच्या बांधावर ती स्वतः, कडूबाई आणि बैल विकलेल्या घरांतल्या दोन बाया उभ्या होत्या. बाजरीचं बी परातीत काढलेलं. वच्छलाबाईनं मूठभर ढेकूळ उचलून दाबलं, सोडलं, ते फुटलं. वाफसा आला होता.

बंकटनं शेळी मागं घेतली. डाव्या दांडीच्या भोकात पिन लोण्यात गेल्यासारखी गेली. उजवी दांडी जाईना. त्यानं ती बाहेर ओढली, आणखी ओढली, आणि कशीबशी पिनेवर चढवली तेव्हा दोन्ही दांड्या टायरांना जाऊन टेकल्या. लिफ्ट वर केली तसं लोखंड रबरावर करकरलं आणि टायरचा चुरा खाली पडला. अजून दोन बोटं वर घेतली असती तर टायर फाटला असता.

"सिदूनं शेण खाल्लं," बंकट म्हणाला. त्याला जवळजवळ समाधान वाटलं. हाही तसलाच निघाला. यंत्राबरोबर परत आलेली दोरी त्यानं कनवटीतून काढली आणि सांगाड्यावर धरली, सिदूचं पाप बायांना दाखवायला. ही गाठ या पिनेवर, ती गाठ त्या पिनेवर. दोरी आणि सांगाडा अगदी बरोबर जुळले. मग त्यानं यंत्र सोडलं आणि तीच दोरी शेळीच्या दांड्यांवर धरली. गाठ दांडीच्या पुढं चार बोटं गेली.

तो तसाच वाकून राहिला. लोकर ओढली की वाढते. हे त्याच्या घरातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. म्हणून तर घोंगडी विणताना दोरी नेहमी एकाच हातानं, एकाच ओढीनं धरतात, आणि दोन-चार बोटं इकडं तिकडं झाली तरी अंगावर घेणाऱ्याला कळत नाही. बारा दिवस खिळ्याला टांगून, खाली नट बांधून, वर पावसाळी हवा. तो नट बांधताना हा तिथं उभा होता. पाहत होता. बरं वाटून घेत होता.

"काय झालं?" वच्छलाबाईनं विचारलं.

बंकटनं खोटं बोलायचा विचार केला. सिदूचं नाव तयारच होतं जिभेवर. "माज्या दोरीनं घात केला, काकू," तो म्हणाला. "ट्रॅक्टर घिऊन ये म्हनलता तो. म्या न्हाई नेला."

तिनं परात पदरानं झाकली.

यंत्र टेम्पोत घालून तो तसाच गेवराईला पळाला. सिदूच्या दुकानाला कुलूप. शेजारच्या पंक्चरवाल्यानं सांगितलं, की सिदू गावाकडं गेला, त्याचंही दीड एकर आहे, वाफसा संपल्यावर येईल. बाजारातल्या दुसऱ्या वेल्डरच्या दारात मोडक्या यंत्रांची रांग लागलेली. चौथ्या दिवशी या, तो म्हणाला. चौथ्या दिवशी कुणाला हवं होतं यंत्र? परत येताना वाटेतल्या प्रत्येक रानात औत चालू होतं. सुंदररावांचा ट्रॅक्टर नऊ नळ्या लावून त्यांच्याच चाळीस एकरात घुमत होता. बंकटला त्याच्याकडं बघून तोंड वाकडं करायचं होतं, पण ते होईना. आपल्याच अंगाला वास येतोय असं त्याला वाटत होतं. ज्याला त्याला मापं शिकवत हिंडलो, टेपवाल्यांना हसलो, आणि आठ घरांची पेरणी एका सुताला टांगून आलो. त्याला स्वतःची किळस आली. कडूबाई समोर आली तेव्हा त्यानं तिच्याकडंही पाहिलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी वच्छलाबाईनं माळवदाखालची जुनी लाकडी तिफण बाहेर काढली. बंकटनं ती साखळीनं शेळीच्या मागं बांधून पाहिली. सगळ्यात हळू गिअर घातला तरी फण उड्या मारायला लागले, दाणे मातीवर पडले आणि चिमण्या आल्या. वच्छलाबाईनं हात वर करून थांबवलं. ओल तेवढ्यात आणखी खाली गेली होती. ऊन चढलं की गेलीच.

बंकट खाली उतरला. त्यानं साखळी सोडली, गोदामातला नाडा आणून तिफणीला बांधला आणि त्याचा एक पदर आपल्या खांद्यावर घेतला. दुसरा कडूबाईनं घेतला, न विचारता. कालच्या त्या दोघी बायाही मागून नाड्याला लागल्या. वच्छलाबाई तिफणीच्या मुठीला, रुमण्याला लागली, एका हातानं तिफण दाबून धरत आणि दुसऱ्या हातानं चाड्यात बी सोडत. चौघांनी ओढलं. काळ्या जमिनीत तीन फण रुतले की काय ओढ लागते हे बंकटला पन्नास वर्षांत कळलं नव्हतं. मेंढरं ओढत नाहीत आणि शेळीला डिझेल लागायचं. नाडा कातडीत शिरला. अर्ध्या तासात डोळ्यांपुढं काजवे चमकायला लागले. बांधाला पोचायचं, तिफण उचलायची, वळायचं, पुन्हा जमिनीत घालायची.

बाराव्या का तेराव्या फेरीला बांध आला आणि बंकटच्या ते ध्यानात आलं नाही. तो खाली मान घालून ओढतच राहिला. मागून वच्छलाबाईनं सवयीनं हाक घातली.

"हौश्या, वळ."

हौश्या हा तिचा डावीकडचा बैल. विकलेला. सगळे थांबले. "आरं बंकटा," ती म्हणाली, "ध्येनात न्हाई ऱ्हायलं रं माज्या."

बंकटनं मागं पाहिलं नाही. त्यानं नाडा डाव्या खांद्यावरून उजव्यावर घेतला आणि तो वळला.

"असू द्या, काकू," तो म्हणाला. "हाका. वल चाललीय."